चिमूट

एकतीस वर्षं मी निवतीच्या बंदरात मासळी खारवतोय.
तळहाताच्या भेगांतलं मीठ निघत नाही,
खोबरेल चोळून अंघोळ केली तरी नाही.
म्हणून परुळ्याच्या दवाखान्यात
ती लातूरकडची पोरसवदा डॉक्टरीण
दंडाचा पट्टा सोडवत म्हणाली,
काका, दिवसाला मीठ किती खाता,
तेव्हा मी विचारलं,
खाल्लेलं सांगू की डोक्यावरून वाहिलेलं?

ती हसली नाही.
आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या.
गोळी सकाळची एक.
आणि म्हणाली, एकदम काही सोडू नका,
या आठवड्यात चिमूटभर कमी करा,
पुढच्या आठवड्यात आणखी एक चिमूट.
माझ्या चिमटीकडे बघून म्हणाली,
तुमची नको. काकूंची.

द्वारकानं ऐकून घेतलं, बोलली काही नाही.
दुसऱ्या दिवशी पाटाजवळची मिठाची बरणी
कपाटावर गेली, चतुर्थीच्या आरासीच्या खोक्यामागे.
लोणच्याच्या फोडी दोनाची एक.
पेजेबरोबर खारा बांगडा नाही,
ताजा, तव्यावरचा, तिरफळ ठेचून लावलेला,
बाजूला बिनमिठाच्या सोलांचं पाणी.
आगळ का नाही म्हटलं तर म्हणाली,
आगळ मिठातच मुरतं, तुम्हीच तर शिकवलंत.

पहिले चार दिवस
ओहोटीला चिखलात बसलेल्या होडीसारखं जेवण.
ढकललं तरी हलायचं नाही.

सहाव्या दिवशी चोरी केली.
बाबल्याच्या टपरीमागे, उभ्यानं,
अर्धा खारा बांगडा आणि पाव.
चूळ भरली, मिशा धुतल्या,
वास मारायला एक विडीही ओढली.
रात्री अंधारातून द्वारका म्हणाली,
"चार तांबे पाणी कित्याक प्यालात?"

कौलांवर झावळ घासत होती.
मी तिचा आवाज ऐकत पडलो.

मग कधीतरी, दिवस नेमका सांगता येत नाही,
उकड्या तांदळाला वास असतो,
भिजलेल्या तुसाचा, चुलीमागच्या भिंतीचा,
तो पेजेतून वर आला.
छप्पन्न वर्षं हाच भात जेवलो,
रोज शेजारून जाणाऱ्या माणसासारखा,
नाव कधी विचारलंच नव्हतं.
बांगड्यातही समुद्र आधीच थोडा असतो.
मी वरून आणखी ओतत होतो.

दुसऱ्या फेरीला द्वारका सोबत आली.
आकडा थोडासा उतरला होता, डॉक्टरीण खूश.
तिच्या टेबलावर, कागदांखाली,
झटपट शेवयांचं पाकीट, अर्धं फाडलेलं.
द्वारकानं ते उचललं, उलटं केलं,
चष्म्यापासून हातभर लांब धरलं:
"वाच गो बाय, ह्या पाकिटार मीठ किती लिवलला आसा?"
पोरीनं वाचलं.
मग पुन्हा, मनातल्या मनात वाचलं.
आता दर मंगळवारी तिला डबा जातो,
कुळथाची पिठी, भात, वालीची भाजी.
ती म्हणते, मीठ कमी आहे काकू.
द्वारका म्हणते, आठ दिवस थांब.

संध्याकाळी मी खळ्यावर असतो.
लोकांच्या ताटांसाठी बांगडे उघडतो,
पोटात मूठ मूठ भरतो,
टोपलीत थरावर थर लावतो.
पोट चालायचं ते यावरच. हाताला कमी करता येत नाही.
वारा दर्यावरून येतो,
आणि नकळत ओठांवरून जीभ फिरते.
खारट.

हे कुठल्या चिमटीत धरायचं,
ते मंगळवारी, डबा देताना, विचारीन.